लॅपटॉप हलका आहे, पण अडतंय नेमकं कुठे?



संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "माझा लॅपटॉप साधा आहे. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सिम्युलेशनवर काम करायचं असेल तर नवीन घ्यावा लागेल का?" हा प्रश्न दिसायला तांत्रिक आहे, पण त्याच्यामागे घरचं बजेट असतं. पेट झालेली नसते, फेलोशिपचा पत्ता नसतो, आणि साठ-सत्तर हजार रुपये घरी मागायचे की नाहीत हे ठरवायचं असतं. "आपल्याकडे चांगलं मशीन नाही, म्हणजे हा विषय आपल्यासाठी नाही" असं समजून काही जण विषयच बदलून टाकतात. ते मला जास्त खटकतं.

या प्रश्नाचं उत्तर आज मी सिम्युलेशन गेमच्या मदतीने देणार आहे. हसू नका. रॉकेट उडवायचा, शहर वसवायचा किंवा कारखाना चालवायचा गेम आतून बघितला तर ते एक मॉडेलच असतं. काही अवस्था, काही नियम, आणि काळाचं एक छोटं पाऊल पुन्हा पुन्हा टाकत जाणं. प्रयोगशाळेत आम्ही रेणूंचं सिम्युलेशन करतो तेव्हा वेगळं काही करत नाही. त्यामुळे हलक्या लॅपटॉपवर असा गेम सुरळीत चालवणं हा संशोधनाचा उत्तम सराव आहे. अट एकच: सेटिंग अंदाजाने बदलायची नाहीत. आधी मोजायचं, मग बदलायचं.

एका फ्रेममध्ये काय घडतं?

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दिसायची असतील तर एका चित्रासाठी, म्हणजे एका फ्रेमसाठी, १००० भागिले ६० म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांवर समाधान मानलं तर ३३.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दोन कामं उरकायची असतात. पहिलं काम गणिताचं: प्रत्येक वस्तू आता कुठे आहे, तिच्यावर कोणतं बल लागतंय, पुढच्या क्षणी ती कुठे जाईल. हे प्रोसेसर करतो. दुसरं काम चित्राचं: ते सगळं रंग, सावल्या, पाण्याच्या लाटांसकट पडद्यावर काढायचं. हे ग्राफिक्सचा भाग करतो.

मेसच्या स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. एक जण पोळ्या लाटतोय, दुसरा भाजतोय. दोघंही एकाच वेळी कामात आहेत, पण ताटात पोळ्या किती वेगाने पडतील हे दोघांपैकी जो हळू आहे तो ठरवतो. लाटणारा हळू असेल तर दुसरा तवा ठेवून काहीच फरक पडणार नाही, आणि तवा लहान असेल तर लाटणाऱ्याला ओरडून उपयोग नाही. गेम अडकला की बहुतेक जण थेट ग्राफिक्सची सेटिंग खाली ओढतात. म्हणजे लाटणारा हळू आहे की भाजणारा हे न बघताच तवा बदलतात.

धावपळीच्या, गोळीबाराच्या गेममध्ये बहुतेक वेळा चित्राचं काम जड असतं. सिम्युलेशन गेममध्ये पारडं अनेकदा गणिताकडे झुकतं. 'केर्बल स्पेस प्रोग्राम' हा रॉकेट बांधायचा गेम घ्या. मेक्सिकोच्या 'स्क्वाड' या कंपनीने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आणली. त्यात तुमच्या यानाचा प्रत्येक भाग, म्हणजे टाकी, इंजिन, पंख, शिडी, ही वेगळी वस्तू असते आणि त्यांच्यातल्या सांध्यांवर येणारा ताण सतत मोजला जातो. त्याच वर्षी आलेल्या 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आणि गाडी आपापला मार्ग शोधत असते. हे गणित इतकं जड आहे की एका वेळी ६५,५३६ पेक्षा जास्त माणसं शहरात फिरताना दाखवायची नाहीत अशी मर्यादाच त्या गेमच्या रचनेत आहे.

सरासरी फसवते

मोजायचं म्हटलं की सगळे एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हा आकडा बघतात. पण हा आकडा सरासरी असतो, आणि सरासरी काय लपवते हे संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत झाल्या आणि एक फ्रेम ४०० मिलिसेकंद अडकली. एकूण वेळ ५९० अधिक ४०० म्हणजे ९९० मिलिसेकंद. एवढ्या वेळात ६० फ्रेम झाल्या, म्हणजे सरासरी साठाच्या थोडी वरच. आकडा एकदम छान! पण खेळणाऱ्याला मध्येच जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा हिसका बसला. उलट, प्रत्येक फ्रेमला एकसारखे ३० मिलिसेकंद लागले तर एफपीएस फक्त ३३ दिसेल, पण खेळ डोळ्यांना जास्त सुरळीत वाटेल.

म्हणून एफपीएसबरोबर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवा आणि त्याचं वितरण बघा. विंडोजवर 'प्रेझेंटमॉन' आणि लिनक्सवर 'मँगोहड' ही मोफत साधनं फ्रेमची नोंद फाइलमध्ये साठवतात. ती फाइल स्प्रेडशीटमध्ये किंवा पायथॉनमध्ये उघडा, मध्यक काढा, सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमना किती वेळ लागला ते काढा, हिस्टोग्राम काढा. हे केलंत तर डेटा हाताळण्याचा पहिला धडा तुमचा झाला.

अडथळा शोधायच्या पाच चाचण्या

आधी प्रयोगाचे नियम. एकच सेव्ह केलेला खेळ वापरा, म्हणजे तेच शहर, तेच यान, तोच कॅमेरा. चार्जर लावलेला ठेवा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात. ब्राउझर बंद. प्रत्येक मोजणी किमान तीनदा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिली चाचणी रिझोल्यूशनची. १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर या. पडद्यावरचे बिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे चित्राचं काम निम्म्याहूनही कमी होतं. गणिताचं काम मात्र तेवढंच राहतं. आता वेग चांगला वाढला तर अडथळा चित्रात होता. समजा आधी २२ होता आणि आता २३ झाला, तर ग्राफिक्स निर्दोष आहे. त्याला उगाच शिक्षा देऊ नका.

दुसरी चाचणी 'पॉज'ची. खेळ थांबवा, पण चित्र समोर राहू द्या. थांबलेल्या खेळात काळ पुढे सरकत नाही, म्हणून सिम्युलेशनचं गणित जवळजवळ बंद पडतं आणि चित्र काढणं चालू राहतं. पॉज करताच एफपीएस उसळला तर अडथळा गणितात आहे. या दोन चाचण्यांना दहा मिनिटं पुरतात, आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

तिसरी चाचणी टास्क मॅनेजरची, पण ती नीट वाचायला हवी. "प्रोसेसर तर फक्त १५ टक्के वापरला जातोय, मग गेम का अडकतोय?" असं बरेच जण विचारतात. तुमच्या प्रोसेसरमध्ये ८ लॉजिकल प्रोसेसर असतील आणि गेमचं मुख्य गणित एकाच धाग्यात चालत असेल, तर तो एक धागा पूर्ण थकला तरी एकूण आकडा १०० भागिले ८, म्हणजे १२.५ टक्केच दिसेल. बाकीचे सात रिकामे बसलेत. आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघा. तरीही सावध राहा, कारण ऑपरेटिंग सिस्टिम तो धागा एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते आणि भार सगळीकडे थोडा थोडा पसरलेला दिसू शकतो.

मग गेम बनवणारे गणित आठ जणांत वाटून का देत नाहीत? कारण सगळं काम वाटता येत नाही. एका यानाचे भाग एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे खालच्या टाकीवरचा ताण वरच्या टाकीशिवाय ठरत नाही. जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे लागू होतो. कामाचा ७० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर उरलेल्या ३० टक्क्यांसाठी कितीही कोअर लावा, एकूण वेग १ भागिले ०.७, म्हणजे साधारण १.४३ पटीपलीकडे जाणार नाही. "जास्त कोअरचा लॅपटॉप घेतो" म्हणण्याआधी हा भागाकार करून बघा.

चौथी चाचणी रॅमची. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे गेली आहे, डिस्क सतत चालू आहे, आणि कॅमेरा नव्या भागाकडे वळवला की हिसका बसतो, तर जागा अपुरी पडतेय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रासाठी लागणारी मेमरीही याच रॅममधून घेतली जाते. म्हणजे ८ जीबीपैकी विंडोज, ब्राउझर, ग्राफिक्स असे वाटेकरी बरेच.

पाचवी चाचणी उष्णतेची. एकच सेव्ह सुरू करून पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला मोजा. पातळ लॅपटॉपमधले अनेक प्रोसेसर १५ वॅटच्या आसपास चालण्यासाठी बनवलेले असतात. उदाहरणार्थ, इंटेलच्या आय५-८२५०यू या चिपचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि कमाल वेग ३.४. जाहिरातीत दिसतो तो दुसरा आकडा. तो थोडा वेळ मिळतो. मग चिप तापते आणि वेग खाली येतो. सुरुवातीला मस्त चालणारा गेम दहा मिनिटांनी रडत असेल तर कारण बहुधा हेच.

इथे एक बारीक सापळा आहे. तुम्ही नेहमी जुनं सेटिंग आधी आणि नवं नंतर मोजलंत, तर जुन्याला थंड लॅपटॉप मिळतो आणि नव्याला तापलेला. मग फरक सेटिंगचा की तापमानाचा, कसं सांगणार? उपाय सोपा आहे. क्रम क, ख, ख, क असा ठेवा आणि मध्ये दहा मिनिटं मशीन थंड होऊ द्या. खोलीचं तापमानही लिहून ठेवा. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घेतलेली मोजणी आणि पहाटे सहाची मोजणी यांची थेट तुलना होत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर सरकते.

रोगानुसार औषध

अडथळा चित्रात सापडला असेल तर क्रमाने सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं, अँटी-अलायझिंग आणि शेवटी रिझोल्यूशन कमी करा. पोताचा दर्जा, म्हणजे टेक्स्चर, रॅम अपुरी असेल तेव्हा आधी कमी करा.

रॅम अपुरी असेल आणि लॅपटॉपमध्ये रिकामी जागा असेल, तर दुसरी पट्टी घालणं हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो. त्यामागे जागेशिवाय आणखी एक कारण आहे. डीडीआर४-२४०० प्रकारची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी माहिती पोचवू शकते, दोन पट्ट्या एकत्र ३८.४ जीबी. अंगभूत ग्राफिक्स याच रस्त्यावरून ये-जा करत असल्यामुळे त्याला दुपदरी रस्ता मिळाला की चित्राचं कामही सुधारतं. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते. खरेदीआधी मॉडेलची माहिती तपासा.

उष्णता असेल तर लॅपटॉप गादीवरून उचला. खालची जाळी मोकळी राहील असा टेकू द्या, पंख्यातली धूळ साफ करून घ्या. मग एफपीएसला मर्यादा घाला. ४५ वर जाऊन २० वर कोसळण्यापेक्षा कायम ३० बरं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपवर तो वरचा तात्पुरता वेग बंद होतो. शिखर खाली येतं, पण चढउतार कमी होतात. काही मशीनवर हा पर्याय दिसतच नाही. दिसत असेल तर करून बघा, आणि अर्थातच आधी-नंतर मोजा.

आणि अडथळा गणितात असेल तर? मग सेटिंगच्या पानावर फारसं काही हाती लागत नाही. मॉडेलच हलकं करावं लागतं. संशोधनाशी खरी गाठ इथे पडते.

मॉडेल हलकं करणं म्हणजे काय?

केर्बलमध्ये 'रॉकोमॅक्स जम्बो-६४' या एका टाकीत जेवढं इंधन मावतं तेवढ्यासाठी लहान 'एक्स२००-८' टाक्या आठ लागतात. इंधन तेवढंच, पण आठ भागांऐवजी एक भाग आणि मधले सात सांधे गायब. भौतिकीत फरक जवळजवळ नाही, गणितात मोठा. मोठं यान बनवताना असे भाग कमी करत गेलात तर जुन्या लॅपटॉपवरही ते उडतं.

कारखान्याच्या 'फॅक्टोरियो' या गेममध्ये आणखी सुंदर उदाहरण आहे. तिथे सिम्युलेशनची पावलं आणि चित्राच्या फ्रेम वेगवेगळ्या मोजल्या जातात. सेकंदाला ६० पावलं जमली नाहीत तर चित्र कसंही असो, सगळा कारखानाच संथ होतो. मोठे कारखाने बांधणारे खेळाडू म्हणूनच अणुभट्टीपेक्षा सौरऊर्जा पसंत करतात. अणुभट्टीत पाइपांमधून वाहणाऱ्या पाण्याचं आणि उष्णतेचं गणित दर पावलाला करावं लागतं. सौर पॅनेल मात्र सगळी एकसारखी वीज देतात, म्हणून ती हजारो असली तरी काम एका गुणाकारात संपतं. सममिती दिसली की गणित वाचवायचं, हा भौतिकशास्त्रातला जुना धडा इथे खेळाडू स्वतःहून शिकलेत.

गेम बनवणाऱ्यांनीही हेच केलेलं असतं. केर्बलमध्ये तुमच्यापासून दोन-अडीच किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या यानाचे सांधे वगैरे मोजलेच जात नाहीत. त्याला कक्षेच्या सूत्रावर सोडून दिलेलं असतं. शिवाय यानावर एका वेळी एकाच ग्रहाचं किंवा चंद्राचं गुरुत्वाकर्षण धरलं जातं. त्यामुळे गणित खूप स्वस्त होतं, पण त्याची किंमत अशी की लॅग्रांज बिंदू या जगात मुळात अस्तित्वातच नाहीत. चंद्रावर जायला शिकायचं असेल तर हे मॉडेल उत्तम. लॅग्रांज बिंदूपाशी दुर्बीण ठेवायची असेल तर निरुपयोगी. मॉडेल बरोबर की चूक हे तुमच्या प्रश्नावर ठरतं.

चित्र बदलतंय की उत्तर?

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वेग वाढवणारे उपाय दोन जातींचे असतात. काही फक्त चित्र बदलतात आणि काही उत्तर बदलतात. सावल्या बंद केल्या तर यान तिथेच उतरेल जिथे आधी उतरत होतं. पण काळाचं पाऊल मोठं केलं तर?

केर्बल भौतिकीची पावलं ०.०२ सेकंदाची टाकतो. सेटिंगमध्ये 'एका फ्रेममध्ये भौतिकीला जास्तीत जास्त किती काळ' अशा अर्थाची एक पट्टी आहे. समजा ती ०.०४ वर ठेवली, तर एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त दोन पावलं पडतील. सेकंदाला २५ पेक्षा कमी फ्रेम निघाल्या की खेळातला काळ खऱ्या काळाच्या मागे पडतो आणि वरचं घड्याळ हिरव्याचं पिवळं होतं. खेळ संथ झाला, पण पाऊल तेवढंच राहिलं, म्हणून भौतिकी शाबूत. आता वातावरणात असताना भौतिकीसकट काळ चौपट वेगाने पळवा. इथे पाऊलच मोठं होतं. चांगलं भक्कम यान डुगडुगायला लागतं, कधी सांध्यात तुटतं. यानाची रचना तीच, बिघडलं ते गणित.

प्रामाणिक मॉडेल अडचणीत आलं की संथ होतं. बेइमान मॉडेल वेग टिकवतं आणि उत्तर गुपचूप बदलतं. प्रबंधात दुसरा प्रकार सापडला तर परीक्षक सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

आमच्या कामात हेच रोज समोर येतं. रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये पाऊल साधारण १ फेम्टोसेकंदाचं असतं. ते वाढवलं की काम लवकर संपतं, पण एका मर्यादेनंतर ऊर्जा टिकत नाही आणि बंध 'फुटायला' लागतात. प्रत्येक कणाचं प्रत्येक कणाशी बल मोजलं तर कण दुप्पट झाल्यावर काम चौपट होतं. म्हणून ठरावीक अंतरापलीकडचे कण सोडून देतात, केर्बलच्या दूरच्या यानासारखे. ते अंतर किती घ्यायचं हे मात्र तपासून ठरवावं लागतं: अंतर थोडं वाढवून बघायचं आणि उत्तर हलतं का ते पाहायचं. 'लॅम्प्स' हे रेणूंच्या सिम्युलेशनचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर तर प्रत्येक कामाच्या शेवटी कोणत्या टप्प्यात किती वेळ गेला याचा तक्ता स्वतःच छापतं. नवीन विद्यार्थी तो तक्ता न वाचता पुढे जातात. तुम्ही जाऊ नका.

मग लॅपटॉप घ्यायचा की नाही?

यासाठी अंदाज नको, हिशोब हवा. समजा तुमच्या लॅपटॉपवर एका लहान रेणुसंचाचं एक पाऊल ५ मिलिसेकंदांत होतं. १ नॅनोसेकंदाला १० लाख पावलं लागतात, म्हणजे ५,००० सेकंद, साधारण ८३ मिनिटं. हे लॅपटॉपवर आरामात होईल. जेवून येईपर्यंत नाही, पण दोन लेक्चरमध्ये नक्की. तुम्हाला १०० नॅनोसेकंद हवेत? मग १३९ तास, जवळजवळ सहा दिवस. दुप्पट वेगाचा महागडा लॅपटॉप आणला तरी तीन दिवस सलग तापत बसेल. म्हणजे या कामाला लॅपटॉप ही जागाच नव्हे. ते काम संस्थेच्या क्लस्टरवर किंवा पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या महासंगणकावर जातं. आणि तिथे काम पाठवायला लागते फक्त एक टर्मिनलची खिडकी, जी तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपवर उघडते.

हिशोब बहुतेक वेळा असाच निघतो. लहान काम हातातल्या मशीनवर होतं आणि मोठं काम कोणत्याच लॅपटॉपवर नीट होत नाही. मधला पट्टा, जिथे नवीन लॅपटॉपने खरंच फरक पडतो, तो असतो, पण वाटतो त्यापेक्षा अरुंद. तुमचं काम त्या पट्ट्यात येतं असं मोजून दिसलं, तर जरूर घ्या आणि घरी आकडे दाखवून मागा. नुसतं "लागतो" म्हणून मागू नका.

करून बघा

या आठवड्यात एक वही घ्या. तुमच्याकडे असलेला कोणताही एक सिम्युलेशन गेम निवडा. गेम नको असेल तर पायथॉनमध्ये शंभर कणांचं छोटं सिम्युलेशन लिहा. पानावर सहा रकाने आखा: तारीख आणि खोलीचं तापमान, काय बदललं, मध्यक फ्रेम-वेळ, सगळ्यात हळू १ टक्का, हा बदल चित्र बदलतो की उत्तर, आणि मोजण्याआधीचा तुमचा अंदाज. अंदाज आधी लिहायचा, नंतर नाही. वीस ओळी झाल्या की अंदाज किती वेळा चुकला ते मोजा.

मुलाखतीला बसाल तेव्हा "तुमच्याकडे कोणतं मशीन आहे" हे सहसा कुणी विचारत नाही. "हे मॉडेल सोपं करताना काय सोडलंत, आणि त्याने उत्तर बदललं नाही हे कशावरून?" हे मात्र विचारतात. त्याचं उत्तर देण्याचा सराव तुमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर आजपासून करता येतो.